पासबुकातली शेवटची ओळ

(दृश्य : बँकेच्या शाखेतलं पासबुक छापायचं यंत्र. वही आत जाते, खरखर होते, पान काळ्या ओळींनी भरून बाहेर येतं.)

हा आवाज आता शाखेतही क्वचितच ऐकू येतो. बॅलन्स मोबाईलवर दिसतो, मग एन्ट्री मारायला रांगेत कोण उभं राहणार? पण हे पासबुक स्पेनला निघालंय, आणि तिथल्या सीमेवर या छापील ओळींना अजून किंमत आहे.

स्पेनमध्ये पर्यटक म्हणून उतरणाऱ्या परदेशी माणसाकडे किती पैसे हवेत आणि ते कशाने सिद्ध करायचे, हे तिथल्या सरकारच्या १० मे २००७ च्या आदेशात लिहिलेलं आहे. रोख चालते. ट्रॅव्हलर्स चेक चालतात. क्रेडिट कार्डही चालतं, पण नुसतं नाही. त्याच्यासोबत खात्याचा उतारा किंवा ताज्या नोंदींचं पासबुक लागतं. बँकेचं पत्र स्वीकारलं जाणार नाही आणि इंटरनेटवरून काढलेला उताराही नाही, असं आदेश स्पष्ट सांगतो. मोबाईलमधलं पीडीएफ घरी प्रिंटरवर काढलं की काम झालं, असं समजणारे इथेच चुकतात.

(दृश्य : डायनिंग टेबलवर फुलस्केप कागद, कॅल्क्युलेटर, शेजारी चहाचा कप.)

आता रक्कम. स्पेनमध्ये किमान वेतन दरवर्षी ठरतं. त्याच्या १० टक्के एवढी रक्कम माणशी, दररोज. २०२५ साली मासिक किमान वेतन १,१८४ युरो होतं, म्हणजे दिवसाला ११८ युरो ४० सेंट. दोघांची १० दिवसांची सहल असेल तर २,३६८ युरो.

आणि सहल चारच दिवसांची असेल तर? चार गुणिले ११८ असं करून मोकळं होऊ नका. मुक्काम कितीही छोटा असला तरी माणशी किमान वेतनाच्या ९० टक्के दाखवावेच लागतात, २०२५ च्या हिशेबाने १,०६५ युरो ६० सेंट. नऊ दिवसांचा गुणाकार केला तर नेमकी हीच रक्कम येते. म्हणून नऊ दिवसांपर्यंत आकडा तोच, दहाव्या दिवसापासून तो वाढत जातो. वेतन बदललं की आकडाही बदलतो, त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेली रक्कम धरून चालू नका.

(दृश्य : भिंतीवरचा युरोपचा नकाशा. बोट स्पेनवरून फ्रान्सकडे, तिथून इटलीकडे सरकतं.)

शेंगेन, म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणारा युरोपातल्या देशांचा गट, एक, व्हिसा एक, पण हा आकडा प्रत्येक देशाचा वेगळा. फ्रान्समध्ये हॉटेलचं बुकिंग असेल तर दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०. नातेवाइकांकडे उतरणार असाल आणि त्यांनी आपल्या नगरपालिकेतून निवासाचा दाखला काढून पाठवला असेल, तर ३२ युरो ५० सेंट. पोर्तुगालमध्ये प्रवेशाचे ७५ आणि वर दिवसाला ४०. इटलीचा तक्ता सर्वांत विचित्र दिसतो. पाच दिवसांपर्यंत एकट्यासाठी एकूण २६९ युरो ६० सेंट, दोघे किंवा जास्त असतील तर माणशी २१२ युरो ८१ सेंट. हे सुटे सेंट कुठून आले? हा तक्ता २००० सालचा, लिराच्या काळातला आहे. युरो आल्यावर तेच आकडे भागून घेतले, ते पूर्णांकात कोणी आणले नाहीत.

स्पेनचं तिकीट असलं, पण विमान पॅरिसला बदलायचं असलं, तर शेंगेनची तपासणी पॅरिसलाच होते. म्हणून कागद केबिन बॅगेत ठेवा. चेक-इन केलेल्या सुटकेसमधला कागद त्या काउंटरवर काही कामाचा नाही.

(दृश्य : परकीय चलनाचा काउंटर. युरोच्या नोटा मोजणारी बोटं, पावतीवर उमटणारा शिक्का.)

सगळी रक्कम रोखीने न्यायची गरज नाही, आणि तशी नेताही येत नाही. भारतातून एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मोलाइतक्याच परकीय नोटा घेता येतात. बाकीची रक्कम फॉरेक्स कार्डवर, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डावर. चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होत असतील तर पैसे चेकने किंवा खात्यातून द्यावे लागतात. प्रवासाच्या आधीच्या ६० दिवसांत चलन घेता येतं. ५० आणि २० च्या नोटा मागा. पावतीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय ना, हे काउंटर सोडण्याआधी बघा. फॉरेक्स कार्डावर शिल्लक लिहिलेली नसते, म्हणून पैसे भरल्याची पावती सही-शिक्क्यासह घेऊन ती कार्डासोबतच ठेवा.

(दृश्य : पुन्हा शाखा. कर्मचारी उताऱ्याच्या प्रत्येक पानावर शिक्का मारतो आहे. एक, दोन, तीन.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम पूर्ण ठेवलंय. प्रत्येक पानावर शिक्का आणि सही. शाखेतून कोणी म्हणेल, आता सगळं ऑनलाइन आहे, याची काही गरज नाही. गरज आहे. नम्रपणे पण ठामपणे मागा. खातेदाराचं नाव, खाते क्रमांक आणि शेवटची शिल्लक इंग्रजीत असू द्या. पतसंस्थेच्या पासबुकात सगळं मराठीत असेल, तर ते तिथल्या अधिकाऱ्याला वाचता येणार नाही. नोंदी प्रवासाला निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच्या असाव्यात. खातं जोडखातं असेल तर दोन्ही नावं छापून आलीत का पाहा. नवरा-बायकोपैकी एकाचंच खातं असेल तर दुसऱ्याच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड, काढा, लग्नाचा दाखला सोबत ठेवा. मुदत ठेवीच्या पावत्या जोडायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त नको. ते पैसे प्रवासात हाताशी नसतात.

आणि उसने पैसे खात्यात भरून शिल्लक फुगवू नका. व्हिसाच्या अर्जाला तीन महिन्यांचा उतारा लागतो. त्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक दोन-तीन लाख आलेले दिसले की ते कुठून आले हा प्रश्न येतोच. पगार, पेन्शन, भाडं, शेतमालाची रक्कम, जे नेहमी येतं ते नेहमीसारखं दिसू द्या. ठेव मोडली असेल तर ती मोडल्याचा कागद जोडा.

(दृश्य : विमानतळ. सरकत्या पट्ट्यावर सुटकेस, दूरवर पासपोर्ट तपासणीची रांग.)

इथून पुढे कॅमेऱ्याला परवानगी नाही. व्हिसा हातात असला तरी तो प्रवेशाची हमी देत नाही, युरोपच्या व्हिसा संहितेतच तसं लिहिलंय. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन प्रवेशाची नोंद संगणकात होऊ लागली. अधिकारी विचारेलच असं नाही. विचारलं तर क्रम असा : परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, विमा, मग पासबुक आणि कार्ड एकत्र. रोख विचारल्याशिवाय बाहेर काढायची नाही. पैसे कमी पडले तर स्पेनमध्ये अपवाद म्हणून मुक्कामाचे दिवस कापून प्रवेश मिळू शकतो. एरवी प्रवेश नाकारल्याचा छापील फॉर्म हातात येतो, त्यात ‘जी’ या अक्षरासमोर, म्हणजे ‘पुरेसे पैसे नाहीत’ या कारणासमोर, खूण असते, आणि परतीचं विमान.

(दृश्य : तीच शाखा, तेच यंत्र, तीन आठवड्यांनंतर. वही आत जाते.)

उरलेले युरो २,००० डॉलरच्या मोलापेक्षा जास्त असतील, तर परतल्यापासून १८० दिवसांत जास्तीचे विकायचे असतात. पासबुकात नवी ओळ उमटते आहे. एटीएममधून काढलेली रक्कम, रुपयांत, आणि समोर गावाचं नाव, माद्रिद.