धाप लागते म्हणून चालणं सोडू नका

नमस्कार श्रोतेहो. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. तो झालेला माणूस चार पावलं चालला की त्याला धाप लागते. कुणाला हे बिडीने होतं, कुणाला जन्मभर फुंकलेल्या चुलीने. मग घरचे म्हणतात, "बाबा, तुम्ही बसून राहा, पाणी मी आणून देते." माया खरी, पण सल्ला चुकीचा.

न्यूयॉर्कच्या डॉ. अल्व्हन बॅराक यांचा किस्सा ऐका. 1920 च्या दशकात रुग्णाच्या खाटेवर तंबू टाकून आत ऑक्सिजन सोडत. आत इतका उकाडा, की रुग्ण घामाघूम व्हायचा. बॅराकांनी काय केलं, तर तंबूतली हवा बर्फावरून फिरवून पुन्हा आत सोडली! असा हा खटपट्या माणूस. त्या काळी फुप्फुसं फुगलेल्या रुग्णाला एकच हुकूम असे: विश्रांती. 1952 मध्ये बॅराक आणि सहकाऱ्यांनी उलटीच गोष्ट मांडली. त्यांनी दोन रुग्णांना ऑक्सिजन देत देत व्यायाम करायला लावला. पुढे गंमत अशी झाली, की ऑक्सिजन काढल्यावरसुद्धा ते पूर्वीपेक्षा जास्त चालू लागले. फुप्फुसं तर तीच होती! बॅराकांना वाटलं, खेळाडूच्या अंगात सरावाने जे घडतं, तसंच काहीसं इथे घडलं असावं. रुग्ण दोनच, म्हणून असेल कदाचित, पण बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. विश्रांतीचा हुकूम चालूच राहिला.

बसून बसून मांड्यांचे स्नायू झिजतात आणि थोड्या कामालाही जास्त श्वास लागतो. म्हणून श्वासाला आधार द्यायचा आणि पायांना काम. पुन्हा सांगतो: आधार श्वासाला, काम पायांना.

पहिला आधार फुकटचा. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्या, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार अंक मोजत सोडा. या आजारात हवा आत अडकते. जुनी निघायच्या आत नवी शिरते, म्हणून सोडण्याला वेळ द्यायचा. जिना चढताना पायरी श्वास सोडताना चढा. (ते तीन चेंडूंचं यंत्र घरोघरी फुंकत बसतात. ते फुंकायचं नसतंच, ओढायचं असतं, आणि मुख्यतः ऑपरेशननंतरसाठी असतं. चालण्याची जागा ते घेत नाही.)

चालताना बोटाला लावलेला, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर 88 टक्क्यांच्या खाली जात असेल, तर ऑक्सिजन लावून व्यायाम. किती लिटर, हे डॉक्टर चालवून बघून ठरवतात. खाटेवर पडून असताना पुरणारे लिटर चालताना पुरतीलच असं नाही. ऑक्सिजनचं खांद्यावरचं छोटं यंत्र बहुधा श्वास ओढल्यावरच झोत सोडतं. तोंडाने श्वास घेतलात तर त्याला तो कळेलच असं नाही. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल, तर ऑक्सिमीटरचा आकडा फसवतो.

त्यानेही भागलं नाही, तर व्यायामाची सायकल चालवताना बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र. तेही उपचार केंद्रातच, फिजिओथेरपिस्टसमोर. इथे मास्क गळला की वारा डोळ्यांत जातो आणि हवेचा दाब कमी होतो. यंत्राने श्वास सोडायला पुरेसा वेळ दिला नाही, तर आधाराऐवजी घुसमट होते.

इनहेलर 15 ते 20 मिनिटं आधी घ्या. एक मिनिट चाला, एक मिनिट थांबा. धाप अजिबात नाही म्हणजे 0 आणि सहन न होणारी म्हणजे 10 धरलं, तर 3-4 इतकी चालेल. छातीत दुखलं, चक्कर आली की बंद. आणि ऑक्सिजनची नळी नाकात असताना गॅस, समई, उदबत्ती यांच्या जवळ जायचं नाही. बिडी तर नाहीच नाही.