जवळचा लाख कोणता?

नमस्कार, शिक्षकमित्रहो. मोठ्या संख्या जवळच्या हजारात किंवा लाखात सांगायला शिकवताना आपण फळ्यावर आधी नियमच लिहितो: पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवा, नाहीतर अंक तसाच ठेवा. माझं आग्रहाचं सांगणं आहे, हा नियम थोडा मागे ठेवा. आधी वर्गात दोरी बांधा.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती १४,५८,५४५. ऐकता ऐकता कागदावर लिहून घ्या. ही संख्या कोणत्या दोन पूर्ण लाखांच्या मध्ये येते? दोरीच्या एका टोकाला १४,००,०००, दुसऱ्या टोकाला १५,००,००० आणि बरोबर मध्यावर एक गाठ, १४,५०,००० ची. आता कपड्यांचा चिमटा मुलांनाच लावू द्या. तो गाठीच्या पलीकडे बसतो, म्हणून उत्तर पंधरा लाख. दशहजाराचा अंकच का पाहायचा, हे इथे डोळ्यांना दिसतं. तो पाचाहून लहान असेल तर पुढचे अंक काहीही असोत, चिमटा गाठीच्या अलीकडेच राहतो. नेमकी गाठीवरची संख्या मात्र दोन्ही टोकांपासून सारखीच दूर असते. ती पुढे न्यायची हा केवळ संकेत आहे, आणि मुलांना तसंच सांगावं.

सहजी न दिसणारी चूक म्हणजे टप्प्याटप्प्याने जाणं. हीच संख्या जवळच्या शतकात १४,५८,५०० होते, कारण शेवटचे ४५ पन्नासाहून कमी आहेत. पण मूल आधी दशकात जातं, १४,५८,५५०. तिथून शतकात, १४,५८,६००. चुकलं! प्रत्येक वेळी मूळ संख्येकडेच परत यायला हवं.

दुसरी चूक आपल्या बोलण्यातून येते. १४,३२,००० साठी ‘खाली आण’ म्हटलं की मूल १३ लाख लिहितं. ‘लाखाचा अंक तसाच’ म्हणा. आणि २,९९,६१२ जवळच्या हजारात सांगताना नवाच्या जागी दहा लिहून मुलं अडखळतात. तेव्हा विचारा, २९९ हजारांच्या पुढचा हजार कितवा? तीनशेवा, म्हणजे ३,००,०००.

मग उलटा प्रश्न घाला: जवळच्या लाखात पंधरा लाख होणारी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी संख्या कोणती? १४,५०,००० लवकर सापडते. मोठी म्हणून कुणी १५,५०,००० सांगितलं, तर पंधरा ते सोळा लाखांची नवी दोरी बांधायला लावा. ती संख्या गाठीवर येते आणि सोळाकडे जाते. तिच्या एक अलीकडची, १५,४९,९९९, हे उत्तर मुलं स्वतःच देतात.