नियम आधी सांगणारा जादूगार

मंडळी, आज ज्या लेखकाबद्दल बोलायचं आहे, त्या ब्रँडन सँडरसनच्या ‘मिस्टबॉर्न’ या कादंबरीमालेत माणसं धातूचा कीस गिळतात आणि पोटात ‘जाळतात’. पितळ जाळणारा समोरच्याचा राग निववू शकतो, जस्त जाळणारा तो भडकवू शकतो. कथिलाने कान-डोळे तीक्ष्ण होतात. पोलाद जाळणाऱ्याला आसपासचा धातू दूर ढकलता येतो, पण त्यात वजनाचा हिशेब असतो. हवेतलं नाणं ढकललं तर ते सुसाट सुटतं. जमिनीला टेकलेलं नाणं ढकललं, तर ते जाणार कुठे? मग माणूसच वर उडतो! सँडरसनची जादू ही अशी, न्यूटनला सोबत घेऊन चालणारी.

त्याने याचा एक नियमच करून ठेवलाय. वाचकाला जादू जितकी समजली असेल, तितकीच ती वापरून पेच सोडवायची मुभा लेखकाला. ऐनवेळी गुरूने झोळीतून मंत्र काढायचा आणि नायक सुटायचा, हे त्याला चालत नाही. आजीच्या गोष्टींत तर नेमकं हेच चालायचं आणि आपल्याला ते आवडायचंही. तेव्हा हा नियम सरसकट सगळ्यांना लावू नका. पण सँडरसनचे वाचक त्याला एवढे का धरून आहेत, हे कळायला तो फार उपयोगी आहे. कारण पुस्तकाबाहेरही हा माणूस असाच वागतो.

जन्म १९७५चा, अमेरिकेतल्या नेब्रास्कातला. हॉटेलात रात्रपाळी करता करता तो लिहायचा. २००५ साली ‘एलँट्रिस’ ही पहिली कादंबरी छापून आली, तोवर घरात हस्तलिखितांचा ढीग साचला होता. २००७मध्ये रॉबर्ट जॉर्डन वारले आणि ‘व्हील ऑफ टाइम’ ही त्यांची प्रचंड मालिका अकराव्या खंडावर थांबली. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी सँडरसनने लिहिलेला श्रद्धांजलीपर लेख वाचला आणि पुढे काम त्याच्यावर सोपवलं. तो स्वतः कोवळ्या वयापासून त्या मालिकेचा वाचक. उरलेल्या कथेचे तीन खंड झाले, शेवटचा २०१३मध्ये आला.

दरम्यान ‘वॉरब्रेकर’ ही कादंबरी लिहिताना त्याने कच्चे खर्डे संकेतस्थळावर सर्वांसाठी टाकले होते. कोणतं पुस्तक किती टक्के झालं, याच्या पट्ट्या तिथे दिसतात. विद्यापीठातले त्याचे लेखनाचे तास यूट्यूबवर फुकट आहेत. एखाद्या मालिकेचा पुढचा खंड वर्षानुवर्षं न येण्याची सवय झालेल्या वाचकाला हा हिशेबीपणा केवढा दिलासा देत असेल!

मग आला मार्च २०२२. कोविडच्या काळात गुपचूप चार कादंबऱ्या लिहून ठेवल्यात, असं त्याने जाहीर केलं आणि किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर थेट वाचकांकडे आगाऊ पैसे मागितले. महिन्याभरात १ लाख ८५ हजारांहून अधिक लोकांनी चार कोटी डॉलरच्या वर रक्कम दिली. किकस्टार्टरवर तोवर कशालाच एवढे पैसे जमले नव्हते. प्रकाशनपूर्व सवलत आपल्याला नवी नाही. कोश आणि जाडजूड ग्रंथ आपणही आधी पैसे भरून घेतले आहेत. पण तिथे निदान ग्रंथाचं नाव ठाऊक असायचं. इथे चारांपैकी काही पुस्तकांची नावंसुद्धा मोहीम सुरू झाली तेव्हा गुलदस्त्यातच होती.

गद्याचं म्हणाल, तर ते सपाट आहे. वाक्य वाचून थबकावं, असं क्वचित घडतं. विनोद तर कधी कधी शाळकरी. ‘स्टॉर्मलाइट’ या त्याच्या मालिकेचे हजार-हजार पानांचे खंड कात्री लावून सुधारले असते, असं माझं मत आहे. त्याच्या चाहत्यांसमोर हे जपून बोलावं लागतं. त्यांनी त्याच्या जगाचा विश्वकोश रचलाय. स्वाक्षरीच्या रांगेत त्याने दिलेली उत्तरंसुद्धा शब्दशः टिपून ठेवली आहेत. ज्याचं उत्तर द्यायचं नसेल, त्या प्रश्नाला तो ‘वाचा म्हणजे कळेल’ अशा अर्थाचं छोटं कार्ड हातात ठेवतो. लोक ती कार्डंही जपून ठेवतात.

दहा खंडांच्या ‘स्टॉर्मलाइट’चा पाचवा डिसेंबर २०२४मध्ये आला. सहावा लगेच येणार नाही, आधी ‘मिस्टबॉर्न’ची नवी पुस्तकं, हेही त्याने सांगून टाकलंय. आता तुमचे प्रश्न घेऊ. माझ्याकडे कार्डं नाहीत, त्यामुळे उत्तरं द्यावीच लागतील.