माळ्यावरचे मावळे

नमस्कार मंडळी.

दिवाळीत किल्ला केलाय ना कधी? म्हणजे लहानपणी, अंगणात नाहीतर बिल्डिंगच्या मागे, दगड, विटा, वर जुनी पोती, त्यावर चिखल आणि हळीव पेरायचे. आता आठवा, किल्ला दरवर्षी नवीन असायचा, एका वर्षी प्रतापगड, एका वर्षी नुसताच मातीचा ढीग आणि त्याला आपणच नाव दिलेलं, पण मावळे? मावळे तेच. बुटाच्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलेले, कुणाची तलवार मोडलेली, कुणाचं नाक उडालेलं, एखाद्याला मागच्या वर्षी पाऊस लागून रंग गेलेला. बाजारातून चार नवे आणायचे आणि जुन्यांच्या शेजारी उभे करायचे. नाक उडालेला तो हमखास दरवाज्यावर, कारण तो सगळ्यात जुना.

आता समजा एका वर्षी कुणी सांगितलं की यंदा किल्ला फार सुंदर होणारे, सिमेंटचा, लाइटिंगचा, पण जुन्या मावळ्यांपैकी आम्ही निवडू तेवढेच ठेवायचे, बाकीचे खोक्यातच राहू देत. पोरं काय म्हणतील?

हे सगळं सांगायचं कारण पोकेमॉन. आपल्याकडे बहुतेकांना पोकेमॉन माहितीये तो कार्टूनमधून, 2003 च्या आसपास टीव्हीवर हिंदीत लागायचं ते, नाहीतर मग 2016 मध्ये लोक मोबाइल घेऊन रस्त्यात धडपडत होते तो पोकेमॉन गो. पण मूळ वस्तू म्हणजे व्हिडिओ गेम, जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 ला गेम बॉयवर, म्हणजे निंटेंडो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या मशीनवर आलेला, रेड आणि ग्रीन अशा दोन डब्यांत. सातोशी ताजिरी हा त्याचा कर्ता, लहानपणी टोकियोच्या बाहेर किडे पकडत हिंडणारा मुलगा, आणि दोन गेम बॉय जोडणारी केबल बघून त्याला वाटलं की या तारेतून किडे इकडून तिकडे जाऊ शकतील. सगळी मालिका या एका कल्पनेवर उभी आहे बघा. रेडमध्ये काही पोकेमॉन, म्हणजे पकडायचे ते काल्पनिक प्राणी, मिळत नाहीत, ग्रीनमध्ये काही मिळत नाहीत, म्हणजे मित्राशी अदलाबदल केल्याशिवाय 151 ची यादी पूर्ण होतच नाही. पकडा, जपा, दुसऱ्याला द्या, पुढे न्या. अमेरिकेत तर जाहिरातीची ओळच होती, सगळे पकडायचेत!

आणि लोकांनी ते फार मनावर घेतलं हो.

आता जरा या पुढे नेण्याच्या भानगडीबद्दल सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि रागही तिथूनच आलाय. 2002 ला रुबी आणि सफायर आले, गेम बॉय अॅडव्हान्सवर. समजा तेव्हा कुणी एक पोकेमॉन पकडला. 2006 ला डायमंड-पर्ल आले निंटेंडो डीएसवर, तर या मशीनला खाली जुन्या काडतुसाचा, म्हणजे गेमच्या डबीचा, खाचा होता, त्यात रुबी घालायचा, वर डायमंड घालायचा, आणि पाल पार्क नावाच्या बागेत आपलेच सहा पोकेमॉन सोडून परत पकडायचे. सहाच! त्या काडतुसातून पुढचे सहा हवे असतील तर दुसऱ्या दिवशी या. आणि एकदा इकडे आले की परत जाता येत नाही. मग 2010 ला ब्लॅक-व्हाइट, तिथे दोन डीएस मशीन शेजारी शेजारी ठेवावी लागायची, म्हणजे एक तुमचं आणि एक मित्राचं मागून आणलेलं. मग 2013 ला पोकेमॉन बँक निघाली, वर्षाची फी भरा आणि इंटरनेटवर ठेवा. असं करत करत 2002 मध्ये पकडलेला प्राणी 2017 च्या अल्ट्रा सन मध्ये पोचवता यायचा. पंधरा वर्षं, तीन प्रकारची मशीन, चार वेळा घर बदललेलं, आणि त्याच्या माहितीत अजून पहिल्या मालकाचं नाव.

हे कुणी गंमत म्हणून करत नाही मंडळी, म्हणजे गंमत म्हणूनच करतात, पण समजलं ना काय म्हणायचंय.

तर 11 जून 2019. लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री नावाचं गेमचं मोठं प्रदर्शन, तिथे निंटेंडोचा लाइव्ह कार्यक्रम चालू, नवे गेम येणार सोर्ड आणि शील्ड, पहिल्यांदाच टीव्हीला जोडायच्या मशीनवर मालिकेतला नवाकोरा भाग, लोक खुशीत. आणि तिथे जुनिची मासुदा, म्हणजे अगदी पहिल्या गेमचं संगीत करणारा माणूस, पुढे कित्येक भागांचा दिग्दर्शक, तो अगदी शांतपणे सांगतो की या वेळी सगळे पोकेमॉन आणता येणार नाहीत. या गेमच्या यादीत जे आहेत तेवढेच.

संपलं.

कारणं दोन दिली त्यांनी. एक, नव्या मशीनवर चित्र जास्त बारकाईचं, हालचाली जास्त चांगल्या करायच्या, त्याला वेळ लागतो. दोन, लढाईतला तोल, इतके प्राणी झाले की कोण कुणाला भारी याचा हिशोब सांभाळणं अवघड. त्या महिन्याच्या शेवटी त्यांनी एक निवेदनही काढलं, आभार मानले, आणि सांगितलं की या गेममध्ये नाही म्हणजे पुढच्या गेममध्ये येणारच नाही असं नाही. पण निर्णय तोच.

आता लोकांची जीभ बघा किती तिखट असते. या गेममधला प्रदेश गालार, तो बेतलाय ब्रिटनवर, नकाशा तर जवळजवळ उलटा टांगलेला ब्रिटनच, आणि तिकडे खऱ्या ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटचं गुऱ्हाळ चाललेलं. पोकेमॉनच्या यादीला म्हणतात पोकेडेक्स, म्हणून या कापाकापीचं नाव पडलं डेक्झिट. आजही याच नावाने ओळखतात.

गेम आला 15 नोव्हेंबर 2019 ला. तोवर एकूण पोकेमॉन झाले होते 890, आणि गालारच्या यादीत होते 400. म्हणजे निम्म्याहून जास्त बाहेर. त्यात परत चरिझार्ड आत, कारण तो सगळ्यांचा लाडका आणि त्यावर माल खपतो, पण पहिल्या गेमपासून त्याच्या बरोबरीने निवडायला मिळणारे बल्बासोर आणि स्क्वर्टल त्या चारशेत नाहीत. एका घरातली तीन पोरं, एकालाच आमंत्रण! टोटोडाइल नावाचा एक निळा मगरीचा पिल्लू आहे, 1999 च्या गेममधला, तो तर सोर्ड-शील्डमध्ये कधीच आला नाही, नंतरच्या भरतीतसुद्धा नाही.

खरं सांगू का, नुसते कापले असते तर एवढा भडका उडाला नसता असं माझं मत आहे. कारण कापणं आधीही झालंय. 2002 ला रुबी-सफायर आले तेव्हा आधीच्या दोन पिढ्यांच्या गेममधून एकही प्राणी आणता यायचा नाही, केबलच जुळत नव्हती, सगळ्यांची पाटी कोरी. तेव्हाही लोक चिडले, पण कारण डोळ्यासमोर होतं, ही तार त्या भोकात जात नाही, विषय संपला. 2018 च्या लेट्स गो मध्ये तर जवळपास फक्त जुने 151, कुणी फारसं काही बोललं नाही, कारण तो तसाच म्हणून विकला होता. घोडं अडलं ते कारणांवर. तुम्ही म्हणता हालचाली नव्या केल्या म्हणून वेळ लागला, तर लोकांनी आधीच्या थ्रीडीएस मशीनवरचे व्हिडिओ आणि नवे व्हिडिओ शेजारी ठेवून दाखवलं की अहो कित्येकांची हालचाल जशीच्या तशी आहे की. मग गेममधलं एक झाड सापडलं, आणि ते झाड वीस वर्षांपूर्वीच्या गेममधल्या झाडाशेजारी लावून लोकांनी इतकं हसं केलं की बिचारं झाड जगप्रसिद्ध झालं. मला त्या झाडाची दया येते. कुणीतरी संध्याकाळी घरी जायच्या घाईत बनवलं असणार.

दुसरं कारण तोलाचं. त्यावर जे लोक स्पर्धा खेळतात त्यांनी लगेच सांगितलं की स्पर्धेत तर आधीपासूनच बंधन असतं, 2014 ला फक्त कालोसच्या, म्हणजे तेव्हाच्या गेममधल्या प्रदेशाच्या, यादीतले चालायचे, 2017 ला तसेच फक्त अलोलाचे. नियम स्पर्धेला लावा की, गेममधूनच कशाला काढता? घरी बसून एकट्याने खेळणाऱ्याच्या पोकेमॉनने कुणाचा तोल बिघडवलाय? याला काही नीट उत्तर आलं नाही.

आणि प्राणी कमी करून भागलं नाही, मेगा इव्होल्यूशन पण गेलं, म्हणजे 2013 पासून काही पोकेमॉन लढाईत मोठं रूप घ्यायचे ते, झेड-मूव्ह नावाच्या खास चाली गेल्या, त्याऐवजी डायनामॅक्स, प्राणी इमारतीएवढा होतो. तीन वर्षांनी पुढच्या गेममध्ये तेही गेलं. दर वेळी नवीन सूनबाई येते आणि जुनी भांडी मोडीत.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मीच खोटा ठरेन.

साधा हिशोब करा. नऊशेच्या घरात प्राणी, प्रत्येकाचं चालणं, मारणं, मार खाणं, पडणं, प्रत्येकाच्या चाली, कुठली चाल कुणाच्या अंगभूत गुणाबरोबर काय गोंधळ घालते ते तपासणं, आणि दर पिढीला शंभरेक नवे वाढणार. काढून तर कुणी टाकत नाही, भरच पडते. हे कधी ना कधी तुंबणारच होतं, 2019 ला नाही तर 2025 ला. बनवणारी गेम फ्रीक कंपनी इतर बड्या स्टुडिओंच्या मानाने लहानच. त्यात वेळापत्रक बघा, 2016 सन-मून, 2017 अल्ट्रा, 2018 लेट्स गो, 2019 सोर्ड-शील्ड, दर दिवाळीला किल्ला पाहिजेच, कारण गेमबरोबर कार्टून बांधलेलं, कार्टूनबरोबर पत्ते, पत्त्यांबरोबर बाहुल्या, एक गाडी थांबली की मागची सगळी वरात थांबते. माझ्या मते खरं कारण हेच, वेळ. एक वर्ष थांबलो असतो तर जास्त बसवले असते, पण थांबू शकत नाही, एवढं वाक्य बोलले असते ना, तरी अर्धे लोक गप्प बसले असते. पण तेवढं वाक्य कंपनीला बोलता येत नाही, गिऱ्हाइकापेक्षा भागीदारांना जास्त झोंबतं ते.

आणि चाहत्यांचंही सगळं बरोबर नव्हतं हां. गेम फ्रीक खोटं बोलली असा हॅशटॅग चालवला तिथवर ठीक, पण काम करणाऱ्या माणसांना शिव्या, धमक्या, ते कशाला? ज्याने एखाद्या मेंढीची लोकर रंगवली त्याच्या हातात काय होतं? बरं झालं, त्याला उत्तर म्हणून आभार मानणारा हॅशटॅगही निघाला आणि तोही खूप चालला.

मग झालं काय? पहिल्या शनिवार-रविवारीच साठ लाख प्रती खपल्या. आजवर अडीच कोटींच्या वर. ज्यांनी बहिष्कार म्हटलं त्यातले कितीतरी लाइनीत उभे, हे मी टोमणा म्हणून नाही म्हणत, मावळे नाहीत म्हणून पोरं किल्ला करायचा सोडतात का? जानेवारी 2020 मध्ये जाहीर झालं की पैसे देऊन दोन जादा भाग मिळतील, त्यासोबत दोनशेहून जास्त जुने पोकेमॉन परत येतील. यात एक गोष्ट खरंच चांगली केली, जादा भाग विकत न घेताही ते प्राणी फुकट अपडेटने आणता यायचे. पण लोकांना एवढंच दिसलं की जे कापलं तेच परत विकायला ठेवलंय, आणि तसं दिसणारच होतं. एवढं करूनही शेवटी दोनशेहून जास्त बाहेरच राहिले.

2022 ला स्कार्लेट आणि व्हायोलेट आले, परत यादी चारशेची, वर गेम अडखळणारा, माणसं जमिनीत रुतलेली, तरी तीन दिवसांत एक कोटी. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये लेजेंड्स झेड-ए आला, त्यात मेगा इव्होल्यूशन परत आणलं, लोकांनी माहेरवाशीण आल्यासारखं स्वागत केलं. सुरुवातीला प्राणी किती? सव्वादोनशेहून थोडे जास्त, आणि एव्हाना एकूण आकडा हजाराच्या पुढे गेलेला. या वेळी फारशी बोंबाबोंब झाली नाही. 2019 ला जे शाळेत होते त्यांना आता हे असंच असतं असं वाटतं, आणि जे तेव्हाच मोठे होते ते दमले.

राहिलेले प्राणी कुठे आहेत विचाराल तर पोकेमॉन होम मध्ये, फेब्रुवारी 2020 मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन कोठार. फुकटात तीस ठेवता येतात, पैसे भरले तर सहा हजार, आणि जुन्या बँकेतून इकडे आणायचे तर पैसे भरावेच लागतात. तिथे त्यांच्याशी खेळता येत नाही, लढता येत नाही, उघडून बघता येतं. 2002 च्या रुबीमधला तो अजून तिथे असेल कुणाचा तरी, होएन प्रदेशातून आला अशी नोंद असलेला, आणि त्याचा मालक आता पस्तिशीचा, घरी पोरं असलेला, दरवर्षी न चुकता माळ्याचं भाडं भरतोय.

येतो मंडळी, नमस्कार.