बदकांच्या हॉटेलात कबुतरांचं वाटप

पेटी जरा बाजूला सरकवा कोणीतरी, मागच्यांना दिसत नाहीये. हां, बरं.

तर डव्ह अवॉर्ड, गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताची बक्षिसं. डव्ह म्हणजे कबुतर, ख्रिस्ती धर्मात पवित्र आत्म्याची खूण, म्हणून नाव ते आणि ट्रॉफी पण तीच. ती देते अमेरिकेतली गॉस्पेल म्युझिक असोसिएशन, ही संस्था १९६४ ची, आणि तिचा पहिला सोहळा झाला ऑक्टोबर १९६९ मध्ये, मेम्फिसच्या पीबॉडी हॉटेलात. आता हे हॉटेल फेमस कशासाठी, तर बदकांसाठी! रोज लिफ्टनं खाली येतात, लाल गालिच्यावरून ओळीनं चालत लॉबीतल्या कारंज्यात जाऊन बसतात. असो, विषय कबुतरांचा आहे.

पहिल्या वर्षी गीतकाराचं बक्षीस बिल गेदर यांना, १९७० ला पण त्यांनाच, मग १९७२ ते १९७७ सलग तेच, आणि मधलं १९७१ कोरं! मला आधी वाटलं टायपिंगची चूक असेल. पण त्या वर्षीचा अख्खा निकालच रद्द झालेला. मतदान असोसिएशनच्या मेंबरांचं, आणि ब्लॅकवूड ब्रदर्स म्हणून सदर्न गॉस्पेलमधला, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गॉस्पेलमधला, बडा ग्रुप, त्यांच्यावर आरोप आला की आपल्या चाहत्यांना मेंबर करून घेतलं आणि मतं ओढली. पतसंस्थेची निवडणूक आली की सभासद कसे रातोरात वाढतात, तुम्हाला काय सांगायचं. हसू नका, देवाची गाणी गाणाऱ्यांना पण ट्रॉफी हवीशी वाटते.

दुसरा घोळ याच्याहून अवघड, गॉस्पेल म्हणायचं कशाला? १९९७ ला बॉब कार्लाइल यांच्या 'बटरफ्लाय किसेस'ला साँग ऑफ द इयर मिळालं. बाप आपल्या लेकीबद्दल गातो, ती मोठी होते, लग्न होतं, ऐकताना डोळे भरतात, पण यात गॉस्पेल कुठंय असं लोक विचारायला लागले. मग शब्दांसाठी नियम केले, की बायबलमधलं सत्य, देवाची स्तुती, स्वतःची साक्ष नाहीतर ख्रिस्ती दृष्टिकोन, काहीतरी दिसलं पाहिजे. संगीत कुठलंही चालतं, रॅप घ्या, रॉक घ्या. हे आपल्याला नवीन नाही, ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगात गायलाच की. मला विचाराल तर हा नियम बरोबर आहे, फक्त 'दृष्टिकोन' शब्द फार ढिला, त्यात काहीही बसवता येतं.

आणि कर्क फ्रँकलिन. गॉस्पेलमधलं केवढं मोठं नाव! २०१९ ला स्टेजवरून त्यांनी अटाटियाना जेफरसनसाठी प्रार्थना करायला सांगितलं. ही काळी मुलगी फोर्ट वर्थला स्वतःच्या घरात असताना पोलिसाच्या गोळीनं गेली, सोहळ्याच्या दोनचार दिवस आधीच, आणि फोर्ट वर्थ म्हणजे फ्रँकलिन यांचं स्वतःचं गाव. टीव्हीवर कार्यक्रम लागला तेव्हा तेवढाच भाग गायब. २०१६ ला पण त्यांचं असंच बोलणं कापलेलं. मग त्यांनी सोहळ्यावर बहिष्कार जाहीर केला. गाणं दाखवलं, ट्रॉफी दाखवली, कापली ती प्रार्थना.