‘डॉ.’ की ‘सौ.’?

मंडळी, मला मधुमेहावर बोलायला बोलावलं होतं. मधुमेहावर मी रोज सकाळी नऊपासून बोलतेच, म्हणून आज वेगळा विषय मागून घेतला. आम्हा डॉक्टरांना लोकांनी काय म्हणावं? ‘डॉक्टर’च म्हणा, असा आग्रह आम्ही धरावा का?

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो एका म्हाताऱ्या बाबांमुळे. चोपड्याकडचे शेतकरी, क्षयाचे पेशंट. तपासायला आमच्याकडचा नवा डॉक्टर मुलगा होता. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमडी, हुशार आणि कष्टाळू. बाबा त्याला म्हणाले, “भाऊ, जरा धाप लागते.” तो चटकन म्हणाला, “भाऊ नाही, डॉक्टर म्हणा.” बाबांनी हात जोडले आणि “हो साहेब” म्हणाले. त्यानंतर प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. गोळ्या नियमित घेता का? हो साहेब. रोज? हो साहेब.

दुपारी फरशी पुसणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या. बाबांनी त्यांना सांगितलं होतं, “गोया तं मी सोडी दिन्यात.” गोळ्यांनी मळमळायचं, शेतावर उभं राहवत नव्हतं, म्हणून महिनाभर बंद. क्षयाचे उपचार सहसा कमीत कमी सहा महिने सलग चालावे लागतात. मध्येच सोडले तर औषधाला न जुमानणारा क्षय होण्याची भीती असते. एवढी मोठी गोष्ट ‘साहेबां’ना कळली नाही, मावशींना कळली. आपल्याकडे दादा, भाऊ, माय म्हणताना माणूस जवळ सरकतो. तो शब्द आपण हिसकावला की तो हात जोडून मागे सरकतो, आणि आजाराची खरी हकिकत त्याच्याबरोबर मागे जाते.

त्या मुलाला मी रागावले नाही. त्याच्या वयाची असताना मलाही ‘ताई’ टोचायचं. आठ-साडेआठ वर्षं रात्रंदिवस घासून मिळवलेली गोष्ट असते ती. फक्त त्याला एवढं सांगितलं, की पेशंट काय म्हणतो त्यावर तुझी डिग्री कमी-जास्त होत नाही. इंग्लंडात सर्जन झाले की ‘डॉक्टर’ सोडून ‘मिस्टर’ म्हणवून घेतात, आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. पूर्वी तिथे शस्त्रक्रिया करणारे आणि न्हावी एकाच संघात असत. 1540 साली दोघांचा मिळून एक संघ झाला, 1745 साली सर्जन वेगळे निघाले. पदवीवाले फिजिशियन, म्हणजे औषधं देणारे, तेवढे ‘डॉक्टर’, हे साधे ‘मिस्टर’. ती खूण त्यांनी आजवर जपली आहे. म्हणून काही त्यांच्या सुरीवरचा लोकांचा विश्वास कमी झालेला नाही.

आणि आपण बसलो आहोत अमळनेरात. डॉक्टर या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ शिकवणारा. या गावात प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजींनी शिकवलं. ‘गुरुजी’ म्हणा, असं त्यांना कुणाला सांगावं लागलं असेल, असं मला वाटत नाही.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, बाई सगळं सोडून द्या म्हणतेय. तसं नाही. आता दुसरी बाजू सांगते, आणि ती मला जास्त लागलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका आरोग्य शिबिराची निमंत्रणपत्रिका घरी आली. जाड कागद, वर गणपती. तपासणाऱ्यांची चार नावं. पहिल्या तिघांच्या आधी ‘डॉ.’. चौथं माझं, त्याच्या आधी ‘सौ.’. चौघांतली सर्वांत जुनी नोंदणी माझी. मी पत्रिका घेऊन बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते. मग संयोजकांना फोन केला. ते म्हणाले, “अहो ताई, मानानंच लिहिलंय.” त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मला माहीत आहे. पण त्या पत्रिकेवरून गावातल्या बाईला काय कळणार होतं? तीन डॉक्टर येणार आणि कुणाची तरी बायको येणार. अंगावरून जातंय, हे त्या तिघांपुढे बोलायची तिला लाज. बाई डॉक्टर आहे हे कळलं असतं तर ती आली असती. मी नावं दुरुस्त करून पत्रिका पुन्हा छापायला लावली. तिथे मी आग्रह धरला आणि पुन्हा धरीन.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत डॉक्टरांच्याच व्याख्यानांच्या चित्रफिती तपासून 2017 साली एक अभ्यास छापला गेला. ओळख करून देणारा पुरुष आणि वक्ताही पुरुष असेल, तर सुमारे 72 टक्के वेळा ‘डॉक्टर’ लावलं गेलं. वक्ता बाई असेल तर 49 टक्के. वॉर्डात तर रोजचंच. मी तपासून झाल्यावर आजी विचारतात, “बाई, डाक्तर कव्हय येतीन?” आणि माझ्यामागे फाइल धरून उभ्या असलेल्या वॉर्डबॉयला नमस्कार करतात. आजींवर मी चिडत नाही. त्यांनी जन्मभर जे पाहिलं ते त्या बोलतात. पण सोबतचे डॉक्टर, ऑफिस, संयोजक जेव्हा एकाला ‘डॉक्टर’ आणि दुसरीला ‘ताई’ म्हणतात, तेव्हा गप्प बसायचं नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. ‘डॉक्टर’ हा शब्द पेशंटच्या कामाचा आहे. समोर कोण उभं आहे, हे कळण्याचा हक्क त्याचा. गावात कंपाउंडरही डॉक्टर, सलाईन लावून देणाराही डॉक्टर. म्हणून तो शब्द पेशंटच्या तोंडून वसूल करण्याआधी आपल्या तोंडून यायला हवा. इंग्लंडातल्या डॉक्टर केट ग्रेंजर कॅन्सरनं आजारी पडल्या आणि स्वतः खाटेवर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की येणारे-जाणारे कितीतरी जण आपलं नावच सांगत नाहीत. 2013 साली त्यांनी ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढ्याच वाक्याची मोहीम सुरू केली. 2016 साली त्या गेल्या.

आमच्याकडे आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करायला लावते. खाटेजवळ जायचं, नाव सांगायचं, आणि समोरचा अहिराणी बोलणारा असेल तर, “मी डाक्तर शे, आते मी तुमले तपासस.” मग तो भाऊ म्हणो की दादा म्हणो. ते बाबा पुढच्या वेळी आले तेव्हा त्या मुलानं असंच सांगितलं. बाबा म्हणाले, “बरं भाऊ,” आणि पिशवीतून उरलेल्या गोळ्यांची पाकिटं काढून मोजायला त्याच्या हातात दिली.

तुमच्यासाठी एक काम सांगते. डॉक्टरांसाठीच्या 2002च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवरही लिहायचा असतो. दिसला नाही तर विचारा, त्यात कुणाचा अपमान नाही. माझा दाराच्या डाव्या हाताला लावला आहे, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल असा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आमच्या सिस्टर वाचून दाखवतात.