मोटरहोम आधी काट्यावर, मग रस्त्यावर

(फोंड्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'मोटरहोम कशी निवडावी आणि चालवून कशी पाहावी'. त्यावर बोलणारच आहे. पण आधी वजनावर थोडं बोलू द्या. मागच्या रांगेत कुणीतरी "झालं!" म्हणालं, ते ऐकू आलं.

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, बघायला गेलेलं कुटुंब आत शिरल्याबरोबर पांगतं. मुलं वरच्या बंकवर, वहिनी ओट्यापाशी, आजी संडासाचं दार उघडून नाक मुरडतात आणि घरधनी चालकाच्या सीटवर बसून स्टिअरिंग कुरवाळतो. बेड किती, टीव्ही केवढा, छताला निळे दिवे आहेत का, याची चौकशी होते. निळे दिवे असतातच. मग विक्रेता चावी देतो. पाण्याची टाकी रिकामी, कपाटं रिकामी, आत माणसं दोन, आणि हमरस्त्यावर चार किलोमीटरची चक्कर. गाडी मस्त पळते. न पळायला काय झालं? यापुढे ती इतकी हलकी कधीच नसणार. तुम्ही चालवून पाहता एक गाडी आणि घरी आणता दुसरीच.

प्रत्येक गाडीला दोन आकडे असतात. एक रिकामं वजन, दुसरं कमाल भरवजन, म्हणजे सामानसुमान, माणसं, पाणी सगळं धरून चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) बनवणाऱ्याने घातलेली मर्यादा. भरवजन कंपनीने गाडीवर लावलेल्या पाटीवर आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, असतं. रिकामं वजनही आरसीवर असतं, पण ते कधीचं? आत ओटा, बेड, संडास, बॅटऱ्या बसवण्याआधीचं की नंतरचं? हा प्रश्न विचारला की विक्रेता चहा मागवतो. आणि आपल्या कायद्यातल्या रिकाम्या वजनाच्या व्याख्येत चालकाचं वजन धरलेलं नसतं, हेही ध्यानात ठेवा.

आता हिशेब मांडू. समजा गाडीचं भरवजन ४,००० किलो आहे आणि आतलं सगळं बसवून, डिझेल भरून काट्यावर ती ३,४०० भरली. उरले ६००. ऐकायला भरपूर वाटतात. चार माणसं, प्रत्येकी ७० किलो, झाले २८०. (सत्तर हे चवथीच्या आधीचं वजन. नेवऱ्या खाल्ल्यानंतरचं आपापलं धरा.) पाणी १२० लिटर म्हणजे १२० किलो, त्यात घासाघीस नाही. भरलेला गॅस सिलिंडर लोखंडासकट ३०. भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे ९०. शिधा आणि फ्रिजमधलं ३५. बाहेर ओढायचं छत, खुर्च्या, टेबल ४५. बेरीज करा: बरोबर ६००. सासुरवाडीचे नारळ घ्यायला जागा उरली नाही. आणि नेमकं याच वेळी विक्रेता म्हणतो, "साहेब, छतावरचा एसी आमच्यातर्फे फुकट." तो फुकटचा एसी ४० किलोच्या घरात असतो, शिवाय गाडीच्या सगळ्यात उंच जागी. वळणावर गाडी जास्त झुकते ती त्यामुळे.

एकूण वजन बसलं तरी ते कुठे बसलंय हे बघायला हवं, आणि हे फारच थोडे लोक बघतात. मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, पाठीमागे जो लांब भाग असतो, तिथे जागा मिळते म्हणून पाण्याची टाकी, सायकली, बॅटऱ्या सगळं कोंबलं जातं. समजा दोन्ही ॲक्सलमधलं अंतर ३,३५० मिलिमीटर आहे आणि मागच्या ॲक्सलपासून एक मीटर मागे १०० किलो पाणी ठेवलं. मागच्या ॲक्सलवर १०० नाही, सुमारे १३० किलोचा भार येतो, आणि पुढच्या चाकांवरून ३० किलो उचलले जातात. शाळेतली सी-सॉ आठवा. गाडी वळवायचं काम पुढची चाकं करतात, ब्रेक दाबल्यावर जास्त भारही तीच घेतात. ती हलकी झाली की पावसात अनमोडचा घाट उतरताना स्टिअरिंग पोकळ लागतं आणि मागचे टायर तापत राहतात. एकूण भरवजन मर्यादेत, मागचा ॲक्सल मात्र मर्यादेबाहेर, असं सहज होतं.

म्हणून काटा. खनिजाच्या ट्रकांनी आपल्याला धुळीखेरीज दुसरं काही दिलं असेल तर ते हे वजनकाटे. डिचोली-उसगावच्या बाजूला खाणपट्ट्यात बघा, नाहीतर औद्योगिक वसाहतींच्या आसपास विचारा. गाडी डिझेल आणि पाण्याने पूर्ण भरून न्या. घरची माणसं बरोबर घ्या, वजन कुणाचं किती ते पावतीवर येत नाही. तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काट्याच्या तोंडाशी जमीन सपाट हवी, नाहीतर ॲक्सलचे आकडे खोटे येतात. ट्रकांचे मोठे काटे १० किंवा २० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात, तेव्हा पुढचं आणि मागचं मिळून बेरजेत थोडा फरक पडेल, घाबरू नका. मग ते आकडे पाटीवरच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मर्यादांशी ताडून बघा. काट्यावरून उतरलात की सपाट जागी चारही चाकांच्या कमानींची उंची टेपने मोजा. ओटा, फ्रिज, संडास सगळं एकाच बाजूला असेल तर गाडी तिकडे कललेली दिसते. डाव्या-उजव्यात दोन सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर पाट्याच्या स्प्रिंगकडे वाकून बघा.

विक्रेता काट्यावर यायला तयार नसेल तर? तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, आणि तेही पेट्रोलपंपाच्या खर्चाशिवाय.

जाता जाता लायसनचं. हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे, तेव्हा साध्या कारच्या लायसनवर बहुतेक मोटरहोम बसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२४ मध्ये या मर्यादेतल्या वाहनांबद्दल ते पुन्हा स्पष्ट केलं. पण लायसन चालतं म्हणून हात चालतोच असं नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बरं. विषयावर येतो.

निवड. बेड मोजू नका, सीटबेल्ट मोजा. सहा झोपतात आणि बेल्ट चार, ही या धंद्यातली जुनी गंमत. आडव्या सोफ्यावर बिनबेल्टचं बसून घाटातून जायचं नसतं. बेडवर बूट काढून आडवे व्हा, पाय कुठे लागतात बघा. संडासात जाऊन दार लावा आणि बसा, लाजू नका. एक माणूस ओट्यापाशी असताना दुसऱ्याला मागे जाता येतं का बघा. मैलापाण्यासाठी काढून नेता येणारी पेटी असेल तर आपल्याकडे ती बरी, कारण पक्की टाकी रिकामी करायची सोय वाटेत मिळणं अवघड. पेटी घरच्या संडासात ओतता येते. एसीच्या बाबतीत स्वप्नं बघू नका. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम सव्वा युनिट वीज. एक टनी एसी ती तासा-दीड तासात संपवतो. मेच्या रात्री एसी हवा असेल तर बाहेरचा प्लग हवा, म्हणजे मुक्कामाची जागा आधी ठरवायला हवी.

ओल. आपल्याकडे लोक मोटरहोम बघतात डिसेंबरात, सगळं कोरडं ठणठणीत असताना. जुलैत बघा, तीन दिवसांच्या संततधारेनंतर. छतावरच्या झरोक्यांच्या कडा, खिडक्यांचे खालचे कोपरे, मागचे वरचे कोपरे, छताच्या रेलिंगचे स्क्रू या जागा अंगठ्याने दाबा. प्लाय आत गेलं तर आत कुजलंय. ओल मोजायचं यंत्र नेलंत तर आपल्या हवेत नुसत्या आकड्यावर जाऊ नका: आधी भिंतीच्या मध्यावर मोजा, मग कोपऱ्यात, आणि फरक बघा. गाडीत उदबत्ती दरवळत असेल तर ती देवभक्तीच असेल असं धरू नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला चिखलाची रेघ असेल तर ती गाडी पुरात उभी होती. खाली वाकून ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सरचे ब्रॅकेट बघा. किनाऱ्यालगत उभ्या राहिलेल्या गाडीला खारी हवा आधी तिथे खाते. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षांचे टायर बदलण्याचे पैसे भावातून वजा करा.

आता चालवणं, भरभर सांगतो. इंजिन थंड असताना पोहोचा, बॉनेटला हात लावून खात्री करा. "साहेब, तापवून ठेवलीय" हे ऐकलं तर दुसऱ्या दिवशी या. भरलेली गाडी, किमान पाऊण तास, एसी आणि गाणी बंद. इथून निघालात तर फर्मागुडीचा चढ आयताच आहे. चढावर मधेच थांबा, हँडब्रेकवर गाडी धरते का बघा, मग पुढे काढा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सलरेटर दाबल्यावर आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल तर क्लच गेलाय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही येतच राहिला तर इंजिन उघडायची तयारी ठेवा. भोमला घरांच्या मधून जाताना रुंदीचा अंदाज येतो. मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही बघून चाळीसच्या वेगात जोरात ब्रेक लावा. स्टिअरिंग हलकं धरा, गाडी कुठल्या बाजूला ओढते ते कळेल, आणि कुठलं कपाट उघडतं तेही.

जुन्या गोव्याला पोहोचलात की दिवाडीच्या फेरीधक्क्यावर जा. फेरीत चढायचीच गरज नाही, धक्क्याचा उतार आणि फेरीचा फाळका यांच्यामधला कोन नुसता बघा. ओहोटीला बघा. मागे लांब शेपूट असलेली गाडी तिथे घासते. नियमाने मागचा भाग ॲक्सलमधल्या अंतराच्या साठ टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे ३,३५० मिलिमीटरच्या गाडीला दोन मीटर. नियमात बसलं तरी फेरीत बसेलच असं नाही. भिंतीला लागून उभी करून स्टिअरिंग पूर्ण फिरवा आणि हळू काढा: शेपूट उलट बाजूला किती फिरतं ते कुणालातरी बाहेर उभं करून मोजून घ्या. उंची मोजून कागदावर लिहा आणि समोर चिकटवा, वाड्यावरच्या केबली आणि रेल्वेखालचे बोगदे विचारून येत नाहीत.

परत आल्यावर नळ उघडा, बंद करा. पंप थांबला पाहिजे. पाच मिनिटांनी आपोआप टकटकला तर कुठेतरी गळती आहे. गॅसच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. भोक बंद केलेलं दिसलं तर आधी ते उघडायला लावा.

कागद. कंपनीने बांधलेल्या मोटरहोमला एआयएस १२४ या वाहनउद्योगाच्या मानकाप्रमाणे मंजुरी लागते. जुनी रुग्णवाहिका किंवा शाळेची बस घेऊन कुणी आत घर केलं असेल तर आरसीवर तो बदल चढलाय का बघा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीशिवाय केलेला बदल चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते. आसनसंख्याही आरसीवरची धरा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर नोंदणी इथे करावी लागते, रस्ता कर भरावा लागतो, आणि तो विक्रेत्याने सांगितलेल्या भावात धरलेला नसतो.

फ्रिजचं आणि सोलरचं राहिलंच. ते चहाच्या वेळी विचारा, सभागृह साडेसातला मोकळं करून द्यायचंय.